पांढऱ्या फुलाची खूण

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ल्युपिन या कडधान्याच्या पिठावर आलेल्या लेखाचं कात्रण भंडाऱ्याहून माझ्या धाकट्या भावाने मोबाइलवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, “दादा, तू तिथंच आहेस ना? हे काय प्रकरण आहे ते बघून सांग.” मी खरंच तिथंच आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटन गावी मुलाकडे येऊन पाच महिने झाले. मुलगा कापणी यंत्रांची दुरुस्ती करतो. त्याच्यासोबत गाडीत बसून शेतोशेती हिंडणं हाच माझा सध्याचा उद्योग. त्याआधी एकतीस वर्षं लाखनी-साकोली भागात कृषी सहायक म्हणून नोकरी केली. धानाच्या बांध्या आणि लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, यांतच आयुष्य गेलं म्हणा ना. त्यामुळे भावाला उत्तर लिहायला बसलो आणि ते आपल्यालाच पाठवावं असं वाटलं.

ल्युपिन म्हटलं की आपल्याकडे औषधाची कंपनी आठवते. त्या कंपनीचं नाव याच झाडावरून ठेवलेलं आहे. लेखात मात्र ल्युपिनला “ऑस्ट्रेलियाने जगाला दिलेलं चमत्कारी धान्य” म्हटलंय आणि विदर्भातल्या शेतकऱ्याने ते लावून पाहावं, असंही सुचवलंय. दोन्ही गोष्टींवर मला बोलायचंय.

दुसरी गोष्ट आधी उरकतो, तिच्यात फार काही नाही. इथे जी पेरतात ती अरुंद पानांची ल्युपिन. तिला आम्लधर्मी रेताड जमीन लागते, थंड ओला हिवाळा लागतो, पाणी मुळाशी साचलेलं अजिबात चालत नाही आणि चुनखडीची जमीन तर तिची वैरीणच. आमच्या बांधीत पीक निघाल्यावरही जमीन चिकट ओली असते, आणि यवतमाळ-अमरावतीकडच्या काळ्या जमिनीत चुना भरलेला. इथली जमीन मी पायाने तुडवली आहे. जेराल्डटनच्या पूर्वेला मिंगेन्यू-मलेवाच्या बाजूला ती अक्षरशः समुद्रकाठच्या वाळूसारखी आहे, पिवळी, मुठीतून गळणारी. अशा वाळूत खोल सोटमूळ सोडून उभं राहणारं कडधान्य इथल्या लोकांना हवं होतं, ते त्यांनी घडवून घेतलं. आपण ते उचलून आणण्यात अर्थ नाही.

“घडवून घेतलं” हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण लेखात हीच गोष्ट गाळलेली आहे. रानटी ल्युपिन विषारी कडू असते. भूमध्य समुद्राकाठचे लोक हजारो वर्षं ती खात आलेत, पण कशी, तर उकडून, मग दिवसच्या दिवस पाणी बदलत भिजवून. मुलाच्या शेजारी एक इटालियन म्हातारी राहते. तिने एका बरणीत खारवलेले मोठे चपटे दाणे मला दिले. साल दातांनी फोडायचं, चिमटीत दाबायचं, की आतला दाणा तोंडात उडतो. ती पांढरी ल्युपिन, तिची बहीण म्हणा. आजीबाई सांगत होती की तिच्या माहेरी पोत्यात घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवत. मला आमची आई आठवली. लाखोरीची डाळ ती रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून वरचं पाणी फेकून द्यायची, मग पुन्हा नव्या पाण्यात शिजवायची. का म्हणून विचारलं की म्हणे, “पाय राहातेत,” म्हणजे पायांतली ताकद जाते.

हा कडूपणा पाण्याने धुण्याऐवजी बियाण्यातूनच काढता येईल का, याचा शोध 1920च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत राइनहोल्ड फॉन झेंगबुश नावाच्या माणसाने घेतला. लाखो रोपं एकेक करून तपासली, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गोड निघाली. गोड म्हणजे साखर असलेली नव्हे, फक्त अल्कलॉइड, म्हणजे ते कडू विषारी द्रव्य, नसलेली. पण गोड झाल्याने ती शेतीचं पीक होत नाही. शेंग वाळली की तडकून बी उडून जायचं. बीचं कवच इतकं कठीण की पेरलेलं बी यंदा उगवेल की तीन वर्षांनी, सांगता यायचं नाही. आणि फुलोरा उशिरा, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या भागात दाणा भरायच्या आतच पाऊस संपायचा.

या अडचणी एकेक करून जॉन ग्लॅडस्टोन्स या माणसाने सोडवल्या. पर्थच्या विद्यापीठात 1950च्या दशकात त्यांनी हे काम हातात घेतलं. त्यांच्याकडे काही मोठी प्रयोगशाळा होती असं समजू नका. उभ्या पिकात निसर्गतःच बदललेलं एखादं रोप शोधायचं, तेच या कामातलं भांडवल. बाकीच्या शेंगा फुटून गेल्या तरी एखादीची फुटलेली नाही, असं. अशी दोन वेगळी लक्षणं त्यांनी वापरली. एकात शेंगेच्या आतलं ताठ अस्तर बदललेलं असतं, म्हणून वाळताना तिला पीळ पडत नाही. दुसऱ्यात शेंगेचे दोन काठ शिवणीपाशी जणू चिकटलेले असतात. एकेकटं लक्षण पुरत नाही, दोन्ही एका झाडात आली तेव्हा शेंग कापणी यंत्राची वाट पाहत थांबू लागली. 1967 साली त्यांनी “युनिव्हाइट” हा वाण दिला, 1971 साली शेंगा तडकू न देणारा “युनिहार्वेस्ट” आणि 1973 साली लवकर फुलणारा “युनिक्रॉप”. जाता जाता सांगतो, याच माणसाने 1960च्या दशकात मार्गारेट रिव्हर हा भाग द्राक्षांना उत्तम असल्याचं हवामानाचे आकडे मांडून दाखवलं होतं. आज तिथली वाइन जगभर जाते. ल्युपिनसाठी त्यांना ओळखणारे त्या मानाने फार थोडे.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहितोय तिच्याकडे येतो. “युनिव्हाइट” या नावातलं “व्हाइट” कशाला?

ऑगस्टच्या शेवटी मुलाबरोबर एका शेतावर गेलो होतो. फवारणी यंत्राचा पंप बसला होता, मुलगा यंत्राखाली घुसला आणि मी कुंपणाशी उभा राहिलो. नजर पोचेल तिथवर ल्युपिन फुलावर, आणि सगळी पांढरी. मी तोवर चित्रांत ल्युपिन निळीच पाहिली होती. येताना रस्त्याच्या कडेलाही निळी दिसली होती. शेताचा मालक माझ्याच वयाचा, गुडघ्याने माझ्याइतकाच त्रासलेला. त्याला विचारलं, इथं पांढरी आणि रस्त्यावर निळी, असं कसं? तो म्हणाला, “निळी दिसली की ती आपली नाही.” मग तो कुंपण ओलांडून दहा-बारा पावलं आत गेला आणि एक निळं झाड उपटून घेऊन आला. माझ्या हातात देत म्हणाला, “हे कडू. चावून बघू नका.”

घरी येऊन त्यावर वाचलं तेव्हा उलगडा झाला आणि खरं सांगतो, त्या रात्री मला नीट झोप आली नाही. ग्लॅडस्टोन्स यांनी गोड वाणात पांढऱ्या फुलाचं आणि फिकट बीचं लक्षण मुद्दाम घातलं होतं. त्याने उत्पादन एक किलोनेही वाढत नाही. ते फक्त ओळखीसाठी आहे. रानटी कडू झाडं निळ्या फुलांची. पांढरं फूल हे मागे राहणारं लक्षण, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसणारं. गोडीही तशीच मागे राहणारी. म्हणजे कुठून तरी कडू निळ्याचे पराग मधमाशीने आणून टाकले, तर त्या बीपासून पुढच्या वर्षी येणारं झाड निळं फुलणार आणि कडूही असणार. भेसळ स्वतःच झेंडा लावून उभी राहते. रस्त्यावरची जी निळी मी पाहिली ती दुसऱ्याच जातीची, या पिकाशी तिचा संकरही होत नाही, पण तिचे दाणे मालात मिसळले तर कडूच. तीही निळीच. प्रयोगशाळा नको, यंत्र नको. गुडघे दुखणारा म्हातारा शेतकरी कुंपणावरून बघून सांगू शकतो.

झोप का आली नाही ते सांगतो. नोकरीच्या मधल्या काळात आमच्याकडे लाखोरीचं कमी विषाचं बियाणं आलं होतं. लाखोरीतला विषारी घटक किती, यावर आपल्या शास्त्रज्ञांनीही चांगलं काम केलेलं आहे, हे आधी नोंदवतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने “रतन” दिला, रायपूरच्या कृषी विद्यापीठाने “प्रतीक” आणि “महातेवडा” दिले. लेखक मंडळींना ल्युपिन दिसते, हे दिसत नाही. असो. तर ते बियाणं मी स्वतः छोट्या पिशव्यांतून वाटलं. लोकांनी धान उभं असताना बांधीत फेकलं, उतेऱ्याला. आमच्याकडची पद्धतच ती. धान कापायच्या पंधरा दिवस आधी ओल्या चिखलात बी फेकायचं, नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. फेब्रुवारीत जे येईल ते देवाचं. पहिल्या वर्षी ठीक गेलं. पण एकाच्या बांधीत नवं बी आणि धुऱ्यापलीकडच्या बांधीत जुनं. मधमाशीला धुरा कळत नाही. शिवाय कापणीनंतर खळं एकच, कोठी एकच. तिसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याने घमेलंभर लाखोरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “साहेब, यातली चांगली कोणती अन् वाईट कोणती, निवडून दाखवा.”

मी दाखवू शकलो नाही. कोणीच दाखवू शकलं नसतं. दाणे सारखे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे कोनदार, मळकट. फुलंही शेतभर सारखी निळी होती. व्यापाऱ्याने सगळं एकाच भावाने एकाच पोत्यात भरलं आणि तो शेतकरी मला काही बोलला नाही, नुसता हसला. नमुने तपासायला पाठवावेत म्हणून मी वर लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढल्या वर्षी ती योजनाही बंद झाली.

ज्यांना लाखोरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन-तीन महिने दुसरं काही न मिळता हेच मुख्य अन्न झालं तर माणसाच्या पायांतली ताकद जाते आणि ती परत येत नाही. आयुर्वेदात याला कलायखंज म्हणतात, इतकं हे जुनं आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन काठ्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालणारे एक आजोबा होते. दुष्काळाच्या साली मालकाने मजुरी लाखोरीत दिली होती, असं लोक सांगायचे. 1961 साली विक्रीवर बंदी आली, पण पेरा काही थांबला नाही, कारण पावसाने धान बुडवलं तरी जे उगवतं ते हेच. बंदीने झालं एवढंच की चोरून विकल्या जाणाऱ्या मालाची प्रत कोण बघणार? तूरडाळीत आणि बेसनात मिसळून ती खपत राहिली. आजही लाखोरीवर वाद झाला की एक बाजू म्हणते विष आहे, दुसरी म्हणते आम्ही पिढ्यान्पिढ्या खातोय, काही होत नाही. दोघंही आपापल्या ताटापुरते खरे आहेत. भाजी, तूर, दूध असलेल्या घरात वाटीभर लाखोरीने काही होत नाही. नुसत्या लाखोरीवर काढलेल्या उन्हाळ्याने होतं.

मला या वादात पडायचं नाही. आमच्या पैदासकारांना मला साधा प्रश्न विचारायचाय. लाखोरीतही निळ्या फुलांचे आणि पांढऱ्या फुलांचे प्रकार आहेत, फिकट दाण्याचेही आहेत. मग कमी विषाच्या वाणाला दिसणारी खूण का देत नाही? शेतात शेतकऱ्याला कळेल, खळ्यावर व्यापाऱ्याला कळेल अशी. डाळ भरडल्यावर साल जाते आणि खूणही जाते, हे मला माहीत आहे. पाण्याचा ताण पडला की त्याच वाणात विषाचं प्रमाण वर-खाली होतं, हेही माहीत आहे. खूण म्हणजे हमी नव्हे. पण आज बियाणं राखणाऱ्या बाईकडे काहीच नाही. आमच्याकडे बी बायकाच राखतात, राखेत घालून, मडक्यात. ती फुलावर आलेल्या बांधीत जाऊन निळी झाडं उपटू शकली तर पाचव्या वर्षीही तिच्या मडक्यात बहुतांश तेच बी राहील, जे मी वाटलं होतं.

इथे सगळं सुरळीत आहे असा समज मात्र होऊ देऊ नका. गोड वाण एकदा केला आणि संपलं, असं नसतं. पेरा वाढला तसे नवे त्रास आले. वाळलेल्या काडावर एक बुरशी वाढते. ते काड मेंढ्यांनी खाल्लं की त्यांचं यकृत बिघडतं. त्यासाठी बुरशीला दाद न देणारे वाण काढावे लागले, 1988चा “गुंगुरू” त्यातला एक. 1996 साली करपा आला आणि पांढऱ्या ल्युपिनचं, म्हणजे त्या इटालियन आजीबाईच्या जातीचं, इथलं पीक जवळपास मोडून पडलं. अरुंद पानांची वाचली, कारण “टांजिल”सारखे तग धरणारे वाण लवकरच हाती आले. 2017 साली याच टांजिलच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. अजूनही रोपाचं देठ कापून रस एका विशिष्ट कागदावर टेकवतात. नारिंगी डाग पडला तर कडू, झाड बाद. जनुकांची वाचणी एकीकडे आणि हा कागद दुसरीकडे, दोन्ही चालू. खाण्याच्या ल्युपिनमध्ये अल्कलॉइडची मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि ती पाळायची तर हे दरवर्षी करावं लागतं.

पैसा कुठून येतो, हे मी त्या शेतकऱ्याला विचारलं, कारण आपली गाडी तिथेच अडते. तो म्हणाला, विकलेल्या धान्याच्या जवळपास एक टक्का रक्कम संशोधनासाठी कापून जाते, सरकार त्यात भर घालतं. शिवाय नव्या वाणाचा माल विकला की टनामागे काही रक्कम वाण काढणाऱ्याला. “कुरकुर करतो, पण देतो,” असं तो म्हणाला. तरी ल्युपिनचा पेरा कमी होत चाललाय. 1990च्या दशकाच्या शेवटी इथे दहा लाख हेक्टरच्या आसपास ल्युपिन होती. आता तणनाशकाला न जुमानणारं रायगवत माजलंय, मोहरीच्या कुळातल्या कॅनोला या तेलबीला भाव चांगला आहे आणि ल्युपिनचा बहुतेक माल अजूनही जनावरांच्या खाद्याच्या भावाने जातो. मग हा शेतकरी ती का पेरतो? “माझ्या गव्हासाठी,” तो म्हणाला. तिच्या गाठींतला नत्र पुढच्या गव्हाला मिळतो आणि गव्हाची मुळं कुजवणाऱ्या रोगाची साखळी तुटते. आपल्या लेखातला चमत्कार इथल्या शेतकऱ्याच्या वहीत गव्हाच्या खात्याखाली लिहिलेला आहे.

लाखोरीला तर असं खातंही कोणी उघडलेलं नाही. तिच्यामुळे पुढच्या धानाला किती युरिया कमी लागतो, हे माझ्या नोकरीत मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही मोजलं नाही. यात माझीही चूक आहे.

दिवाळीच्या आधी मी परततोय. धान उभं असेल, लाखोरी फेकायची वेळ असेल. इथून दाणाभरही बी नेता येत नाही, नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहे. तसंही मला इथलं बी नकोच आहे. जानेवारीत लाखोरी फुलावर आली की बांध्यांतून हिंडून पांढऱ्या फुलांची झाडं कुठे दिसतात ते बघणार आहे. दिसली तर खुंट्या ठोकून ठेवीन. कृषी विद्यापीठातल्या किंवा संशोधन केंद्रातल्या कोणाला त्यांचं बी तपासून पाहायचं असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. गाडीभाडं माझं मी भरीन.

शेवटी एक दुरुस्ती, ती मात्र लगेच छापा. त्या लेखात ल्युपिनचं पीठ “सर्वांना चालणारं” असं म्हटलंय. ज्यांना भुईमुगाच्या शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांना ल्युपिननेही तसाच त्रास होऊ शकतो. म्हणूनच इथे पाकिटावर ल्युपिनचा उल्लेख करणं सक्तीचं आहे. आपल्याकडे हे पीठ आता ऑनलाइन मिळतं, असं भाऊ म्हणाला. लेख वाचून कोणी लहान मुलाच्या डब्यात त्याच्या पोळ्या दिल्या आणि त्या मुलाला शेंगदाणा चालत नसेल, तर प्रसंग ओढवेल.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
तालुका लाखनी, जिल्हा भंडारा
(सध्या मुक्काम जेराल्डटन, पश्चिम ऑस्ट्रेलिया)